सटवाच्या हाळीचा सालगडी

उमापूरच्या हरिबाला वर्षातून साठ दिवस काम असायचं. चाळीस दिवस ज्वारीवरची पाखरं हाकायची आणि वीस दिवस बाजरीवरची. बाकीचे दिवस तो चावडीच्या कट्ट्यावर काढायचा. मधूनच कुणाचं छप्पर शाकारायला, लग्नात पाणी भरायला, मेलेलं ढोर ओढून न्यायला हाक यायची. पण दोन दिवसांत ते काम संपायचं आणि हरिबा परत कट्ट्यावर. गडी अंगानं धड होता, कामचुकार मुळीच नव्हता. तरी सकाळी गरजू मालक चावडीपुढं येऊन काठीनं माणसं निवडायचे तेव्हा काठी नेमकी त्याला वळसा घालून जायची.

कारण एकच. हरिबा नकल्या होता.

गेवराईहून तहसिलीचा चपराशी आला की त्याची पाठ फिरेपर्यंत हरिबाला दम निघायचा नाही. मान ताठ करून, नाकातून सूर काढून तो सुरू व्हायचा, "क्या रे, पानी किदर है? हम गेवराईसे पैदल आये सो, कुछ खयाल है के नहीं?" कट्टा लोळून हसायचा. सुंदरराव पाटलांची नक्कल तर त्याच्या जिभेवरच बसलेली. आधी घसा खाकरायचा, मग पोटावर हात, मग "म्हंजे काय, बघू. बघू." दोन वेळा म्हणायचं, आणि दुसरं 'बघू' असं पाडायचं की ऐकणाऱ्याला कळावं, काही बघायचं नाही. लोक हसून डोळे पुसायचे, चिमूटभर तंबाखू हातावर ठेवायचे आणि कामाला दुसऱ्याला न्यायचे. "ह्याला औतावर धरलं तर बैल हसून बसतील बे," असं त्रिंबक सुतार म्हणाला, त्यावर हरिबाही हसला. घरी भिवराबाई हसली नाही.

तिचं मागणं एवढंच होतं की नवऱ्यानं एक साल तरी कुणाचा सालगडी व्हावं. सालगडी म्हणजे पाडव्यापासून पाडव्यापर्यंत एका मालकाचा बांधलेला माणूस. त्याच्या घरी बाराही महिने चूल पेटते. भिवराबाईची चूल उन्हाळ्यात दिवसाआड पेटायची, आणि धूर दिसावा म्हणून ती कधीकधी नुसत्याच गवऱ्या लावून बसायची. हरिबाला ते ठाऊक होतं. त्यानं त्या बसण्याची नक्कल कधी केली नाही.

मग मानमोडीची साथ आली. पंधरा दिवसांत गावातली सत्तावीस माणसं गेली. त्यात सुंदररावांचा सालगडी सटवा होता. चौदा सालं एकाच दारी राबलेला, आणि ओढ्याकाठच्या रानाची राखणही त्याचीच. सटवाची हाळी अर्ध्या कोसावर ओळखू यायची. बैलाला चुचकारावं तशी खालून निघायची, हुर्र्याऽऽ, मग चढत चढत जायची, हाऽऽ हा हा हाऽऽ, आणि टोकाला जाऊन मडकं तडकावं तशी फुटायची. त्यानंतर एक कोरडा खोकला, ख्ख. तोपर्यंत रानातली भोरडी न् भोरडी आभाळात गेलेली असायची.

त्या साली पाऊसही बुडाला होता. ज्वारी उगवली ती फक्त ओढ्याकाठी. दाणा चिकात आला तसा हरिबा सुंदररावांच्या दारी गेला. घसा खाकरून, पोटावर हात ठेवून सुंदरराव म्हणाले की पीक तोकडं हाय, यंदा राखणदाराला पोसायचं म्हंजे काय, बघू. बघू. हरिबाला स्वतःच केलेली नक्कल समोर उभी राहून बोलतेय असं वाटलं. ज्वारीचे चाळीस दिवसही हातचे गेले.

गावात एक रिवाज होता. न सांगता कुणी रानात खपलं असेल तर त्यानं खळ्यावर यावं आणि राशीपुढं उभं राहून आपला वाटा मागावा. राशीपुढं मालकानं कुणाला नाही म्हणायचं नाही. हरिबानं ठरवलं, बोलावलं नाही तरी राखण करायची आणि खळ्यावर मागायचं. पण भरल्या रानात बिगरकामाचा माणूस दिसला तर चोर म्हणून हाणतात. म्हणून तो राखणीच्या माळ्यावर चढला नाही. ओढ्यातल्या बाभळीच्या जाळीत गोफण घेऊन बसला.

पहिल्या दिवशी तो आपल्या आवाजात ओरडला. भोरड्या हातभर उठल्या आणि पुन्हा कणसांवर बसल्या. दुपारपर्यंत त्याचा घसा बसत आला. मग, गंमत म्हणूनच, त्यानं सटवाची हाळी दिली.

सगळं रान एकदम उठलं. काळ्या-गुलाबी भोरड्यांचा ढग वळला आणि ओढ्यापलीकडं गेला. हरिबा आपल्याच आवाजानं शहारला. शेवटचा तो खोकला त्यानं काढलेला नव्हता, तो आपोआप आला होता.

ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बाया पिळे तिथंच टाकून गावात पळाल्या. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की सटवा राखणीला आलाय. माळ्यावर कुणी नाही, आणि हाळी येतेय. मेंढक्यांनी ऐकली. त्रिंबक सुतारानं ऐकली, आणि त्याचा तर भुताखेतावर विश्वास नव्हता, त्यामुळं त्याचं सगळ्यांनी खरं मानलं. तिसऱ्या दिवशी सुंदरराव स्वतः बांधावर आले. हाळी ऐकली. डोईचा रुमाल काढून हातात घेतला. जाळीतून हरिबाला त्यांची हनुवटी हलताना दिसली. "मेला तरी खाल्ल्या मिठाला जागला," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून माळ्याखाली फडक्यात बांधून एक भाकरी आणि ठेचा यायला लागला. सटवाचा निवद. सगळी माणसं गेली की हरिबा जाळीतून निघायचा आणि तो खायचा. अर्धी भाकरी कमरेला बांधून घरी न्यायचा. भिवराबाईला त्यानं पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. आधी ती तोंडाला पदर लावून हसली. मग भाकरीकडं बघून म्हणाली, "मेलेल्याच्या वाटची हाय. आपल्याला पचंल का?"

पचली. पण आठ दिवसांनी ती विहिरीवरून वेगळीच खबर घेऊन आली. सुंदरराव बायकोला म्हणाले होते की आता राखणदाराची तकलीफच मिटली, ह्या साली न्हाई आन् फुडंबी न्हाई. सटवा हाय तवर दुसरा माणूस कशाला पोसायचा? आपल्या हातचं काम आपणच मेलेल्याला देऊन बसलो, हे त्याला तेव्हा कळलं.

त्यानं एक डाव टाकायचं ठरवलं. एक दिवस जायचंच नाही. भोरड्या पडू देत रानावर, खाऊ देत कणसं. सुंदररावाला कळू दे की माणसाशिवाय राखण होत नाही, मग येईल बोलवायला. त्या दिवशी तो उन्हात भिंतीला टेकून बसला. भिवराबाई शेजारी गवऱ्या थापत होती. ऊन डोक्यावर आलं आणि ओढ्याकडून आवाज आला.

हुर्र्याऽऽ. हाऽऽ हा हा हाऽऽ.

मग फुटला. मग तो खोकला.

भिवराबाईचा शेणानं भरलेला हात तसाच थांबला. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं. तोंड बंद होतं. हाळी पुन्हा आली, चांगली खणखणीत, हरिबाच्या हाळीपेक्षा सवाई.

दुसऱ्या दिवशी तो भीतभीत रानात गेला. एकही कणीस फुटलेलं नव्हतं. माळ्याखाली फडकं सोडलेलं होतं आणि त्यात भाकरी नव्हती. कुत्र्यानं नेली असेल, असं तो स्वतःला म्हणाला. मग कुत्रं गाठ कशी सोडतं, ह्याचा विचार त्यानं केला नाही. जाळीत बसला आणि हाळी द्यायला लागला. आता थांबायचीही सोय राहिली नव्हती. तो थांबला तरी काम अडणार नव्हतं.

खळं लागलं. हरिबा राशीपुढं जाऊन उभा राहिला.

"काय खपलास बे?" सुंदररावांनी विचारलं.

"पाखरं राखली, मालक. ती हाळी माजी हुती."

खळ्यावरची माणसं हसली. हरिबाची ही नवी नक्कल, असंच सगळ्यांना वाटलं. सुंदरराव मात्र हसले नाहीत. सटवाच्या मेहनतीवर स्वतःचं नाव लावतोस, मेलेल्याचं ओढून खातोस, असं ते कधी नव्हे ते शांतपणे बोलले. पण राशीपुढं नाही म्हणायचं नव्हतं, म्हणून त्यांनी एक ओंजळ ज्वारी त्याच्या धोतराच्या सोग्यात टाकली. चाळीस दिवसांची एक ओंजळ. भिवराबाईनं ती पाखडलीसुद्धा नाही, पाखडताना चार दाणे उडतील म्हणून.

मग पाडवा आला. सुंदररावांच्या ओट्यावर गुढी उभी होती आणि खाली अर्धं गाव. पाडव्याला मालक आपल्या हातानं विडा देतो, आणि ज्यानं विडा घेतला तो पुढच्या पाडव्यापर्यंत त्या दारचा. मग ना मालकाला त्याला काढता येत, ना त्याला सुटता येत. तीन गड्यांनी तीन विडे घेतले. चौथा विडा सुंदररावांनी तबकातून उचलला, समईपुढं ठेवला आणि म्हणाले, "ह्यो सटवाचा."

हरिबा मागं उभा होता. भिंतीकडेला बायांत भिवराबाई होती. त्या विड्यापुढं तीनशे उपाशी दिवस ओळीनं उभे असल्यागत त्याला दिसले. तो माणसं सारत ओट्यापाशी गेला. खोटं म्हणता ना, मग ऐका, असं काहीतरी तो पुटपुटला आणि त्यानं सगळ्यांदेखत तोंडापुढं हात धरून हाळी दिली.

कडुनिंबावरचे कावळे उडाले. कोपऱ्यात बांधलेल्या बैलानं मान वर केली. त्याला चौदा सालं सटवानं जुंपलेलं होतं. खोकला झाला. आता हसतील, म्हणतील हाच तो, असं हरिबाला वाटलं. पण सुंदरराव गुडघ्यांवर आले होते. त्यांनी हात जोडले.

"सटवा," ते म्हणाले, "ह्याच्या अंगात आलास व्हय?"

न्हाई मालक, मी हरिबा, हे शब्द त्याच्या दातांपर्यंत आले होते. पण समईपुढचा विडा त्याच्या हातभर अंतरावर होता, आणि भिंतीकडेला भिवराबाई उभी होती. जे तोंडातून निघालं ते सटवाच्या जाड, ओढलेल्या बोलण्यात निघालं.

"व्हय, मालक. ह्याच्या अंगात बसलोय. ह्याला ठिवा. ह्यो हाय तवर मी हाय."

सुंदररावांनी तो विडा उचलून त्याच्या हातावर ठेवला.

तेवढ्यात दारातून मुक्ताबाई बाहेर आल्या. सुंदररावांची बायको चारचौघांत ओट्यावर कधी येत नसे. त्यांची सहा वर्षांची छबू सटवा गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी त्याच मानमोडीत गेली होती. पदर ओढून त्या हरिबापुढं बसल्या आणि अगदी हळू विचारलं, "सटवा, आमची छबू भेटली का रे तुला तिकडं?"

हरिबानं उभ्या आयुष्यात शेकडो माणसांचे आवाज काढले होते. काय बोलायचं हे त्या माणसांनीच त्याला शिकवलेलं असायचं. ह्याला जवाब कुठून आणायचा? पण सगळे वाट बघत होते.

"हाय," तो म्हणाला. "माज्यापाशी हाय."

"काय करती?"

"निजलीय, आईसाहेब."

मुक्ताबाईंनी मान हलवली. उठताना त्यांनी पावलं इतकी अलगद टाकली की जणू ती पोर तिथंच, ओट्यावर निजलेली होती.

अकरा सालं हरिबा त्या दारचा सालगडी राहिला. औत धरलं, मोट हाणली, राखण केली. बैल हसले नाहीत. भिवराबाईची चूल बाराही महिने पेटली, अंगावर मांस आलं, गवऱ्या आता स्वयंपाकालाच लागायच्या. गावात मात्र त्याची नक्कल कुणी मागेनासं झालं. त्यानं नुसता घसा खाकरला तरी कट्टा गप्प व्हायचा, आता कोण बोलतंय म्हणून. आणि माळ्यावर कधीकधी असं व्हायचं की तो तोंडापुढं हात धरायचा, तोंड उघडायच्या आधीच हाळी येऊन जायची आणि पाखरं उठलेली असायची. अशा वेळी तो खाली बसून राहायचा. संध्याकाळी भिवराबाईला सांगायचा, "आज त्यानंच केलं काम." ती विचारायची नाही, कुणी.

पण खरं ओझं दुसरंच होतं. दर पाडव्याला विड्याआधी मुक्ताबाई यायच्या, तेच विचारायच्या, आणि तो तेच सांगायचा. निजलीय, आईसाहेब. ती निजलीय तोवर सटवा लागणार होता, आणि सटवा लागणार तोवर हरिबा. सांग की गेली म्हणून, असं भिवराबाई एकदोनदा बोलली आणि मग चुलीकडं बघून गप्प झाली.

त्या घरातून आवाज निघून गेला होता. मुक्ताबाई जातं हळू फिरवायच्या. सुनांनी बांगड्या वाजवल्या की बोट ओठांवर जायचं, हळू, छबू निजलीय. थोरल्या पोराच्या लग्नात ताशे वेशीबाहेरच थांबवले होते. दारी येणारा माणूस कुजबुजत यायचा, कुजबुजत जायचा. सुंदरराव घसा खाकरायचेही विसरले. कानाचा तिखट असलेल्या हरिबाला त्या घरात शिरलं की आपला कानच गेलाय असं वाटायचं.

अकराव्या साली थोरल्या सुनेला मुलगा झाला. पाडव्याला आठ दिवस उरले होते. हरिबा कडब्याची पेंढी टाकायला मागल्या दारी गेला तेव्हा सोप्यात पाळण्यातलं पोर रडायला लागलं. मुक्ताबाई धावत आल्या आणि त्यांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला. "गप. आत्याला जाग येईल." पोराचा चेहरा लाल झाला, मग निळसर. सुनेनं हात ओढून काढला तेव्हा कुठं त्यानं श्वास घेतला. रडलं नाही. तेही शिकलं होतं.

हरिबाच्या हातातली पेंढी खाली पडली.

पाडव्याला ओट्यावर गुढी, खाली अर्धं गाव, समईपुढं विडा. मुक्ताबाई आल्या आणि समोर बसल्या. केस सगळे पांढरे झाले होते.

"सटवा, काय करती रे छबू?"

हरिबानं भिंतीकडं बघितलं. भिवराबाई त्याच्याकडंच बघत होती. तिनं पदर तोंडाशी घट्ट धरला होता, आणि मान अगदी थोडी, होय म्हणावं तशी हलली, का हलल्यासारखी त्याला वाटली.

"उठली, आईसाहेब," सटवाच्या आवाजात तो म्हणाला.

मुक्ताबाईंनी मान वर केली. "उठली? कवा?"

"पहाटं. लई निजली हुती. उठली, डोळं चोळलं, आन् गेली."

"कुठं गेली?"

"ते मला दिसत न्हाई, आईसाहेब." इथं त्याचा आवाज घसरला आणि पुढचं जे आलं ते त्याच्या स्वतःच्या बारीक आवाजात आलं. "म्या बी चाललो. आता मला बोलवू नगा."

आतून पाळण्यातल्या पोराचं कुरकुरणं आलं, मग ते थांबलं. मुक्ताबाई उठल्या, उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि तिथून, अकरा वर्षांत पहिल्यांदा, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडल्या, "अगं, पोर गप कावून बसलंय? घे की त्याला. रडू दे, रडू दे."

सुंदररावांच्या हातात विडा होता. त्यांनी त्याच्याकडं बघितलं, मग हरिबाकडं. एवढ्या वर्षांनी घसा खाकरला. पोटावर हात ठेवला.

"सटवा गेला म्हंजे," ते म्हणाले, "म्हंजे काय, बघू. बघू."

विडा तबकात गेला. हरिबानं रामराम केला आणि ओट्यावरून उतरला. माणसांनी त्याला वाट दिली, जरा जास्तच दिली. भिवराबाई भिंतीकडून निघून त्याच्या मागं चालायला लागली. वेशीपाशी तो थांबला.

"घरात किती हाय?" त्यानं विचारलं.

"वैशाख निघंल."

"आन् ज्येष्ठ?"

तिनं वाकून वाटेतलं शेण उचललं. मागं पाटलांच्या घरात पोर आता घसा फोडून रडत होतं, आणि त्याला कुणी गप करत नव्हतं.